मंडई, माणसें आणि कॅमेरा

जी वस्तू डोळ्यांनींच पाहावयाची तिच्याविषयीं नभोवाणीवरून बोलणें हा थोडा चमत्कारिकच प्रकार आहे. आज मला कांहीं छायाचित्रांविषयीं सांगावयाचें आहे, आणि त्यांतील एकही आपणांस दाखवितां येत नाहीं. तेव्हां चौकट, उजेड आणि माणसें हीं सर्व आपणांस माझ्या शब्दांवरूनच कल्पावीं लागतील. विषय लंडन शहराच्या मध्यभागीं असलेल्या कॉव्हेंट गार्डनच्या मंडईचा आहे. ही मंडई 'आहे' असें म्हणावें कीं 'होती' असें म्हणावें, हें ठरविणें सोपें नाहीं. इमारत उभी आहे. तिचे खांब, तिच्या ओंवऱ्या, तिचें कांचेचें छत, सर्व जागच्या जागीं आहे. परंतु जेथें कोबी, बटाटे आणि सफरचंदें यांचे ढीग पडत, तेथें आतां मेजें-खुर्च्या मांडलेल्या आहेत; लोक येतात, कॉफी पितात, जेवतात, आणि हातांतल्या चिमुकल्या यंत्रानें त्या छताचें छायाचित्र घेऊन निघून जातात. त्या छायाचित्रांत काय येतें आणि काय सुटतें, हें पाहावयाचें तर दीडदोनशें वर्षें मागें जावें लागेल.

'कॉव्हेंट' हें 'कॉन्व्हेंट' या शब्दाचेंच जुनें रूप. ही मूळची वेस्टमिन्स्टरच्या मठाची बाग. मठवासी येथें फळफळावळ व भाजीपाला पिकवीत. आठव्या हेन्रीनें मठ मोडून त्यांच्या जमिनी जप्त केल्या, आणि १५५२ मध्यें ही जागा जॉन रसेल या सरदाराच्या, म्हणजे बेडफर्डच्या पहिल्या अर्लच्या, पदरांत पडली. त्याच्या वंशांतील चौथ्या अर्लनें १६३० नंतरच्या दशकांत इनिगो जोन्स या विख्यात स्थपतीकडून तेथें इटालियन धर्तीचा एक प्रशस्त चौक आणि सेंट पॉलचें चर्च बांधवून घेतलें. चौक आखला होता तो प्रतिष्ठित मंडळींनीं राहावें म्हणून. पण मोकळी जागा दिसली कीं तेथें पाटी टाकून कोणीतरी बसावयाचाच! भाजीवाले आले, फुलवाल्या आल्या. १६७० मध्यें पांचव्या अर्लनें दुसऱ्या चार्ल्सकडून रीतसर सनद मिळविली आणि रविवार व नाताळ वगळून रोज फळें, फुलें, कंदमुळें आणि पाला यांचा बाजार भरविण्याचा हक्क घराण्याकडे घेतला. बाजार वाढत गेला तसतशी प्रतिष्ठित मंडळी तेथून हळूहळू निघून गेली.

दीडशें वर्षें हा बाजार टपऱ्या आणि पडव्या यांतच चालला. १८२८ मध्यें पार्लमेंटनें कायदा केला आणि १८३० पर्यंत चार्ल्स फाउलर या स्थपतीनें आजची इमारत उभी केली. पुण्याची मंडई किंवा मुंबईचें क्रॉफर्ड मार्केट ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनीं तें चित्र येथें डोळ्यांपुढें आणूं नये. येथें दुरून दिसणारा मनोरा नाहीं. पूर्व-पश्चिम पसरलेल्या तीन लांबट समांतर ओळी, कडेनें ग्रॅनाइटच्या खांबांच्या ओंवऱ्या, आणि मधल्या ओळींतून आरपार गेलेला एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांस लहान लहान दुकानें, असा सारा मामला. ओळींच्या मधलीं अंगणें उघडींच होतीं. आज ज्या लोखंडी व कांचेच्या छताकडे पाहून प्रवासी माना वर करतात, तें फाउलरचें नव्हेच. १८७० नंतरच्या वीस वर्षांत तें दोन हप्त्यांनीं चढविण्यांत आलें. माल पावसांत भिजूं नये, एवढाच त्याचा साधा हेतु. धंद्याच्या गरजेपोटीं मागाहून चढविलेलें छप्पर हेंच पुढें इमारतीचें मुख्य सौंदर्य ठरावें, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. याच फाउलरनें टेम्सच्या कांठीं हंगरफर्ड मार्केट नांवाची दुसरी मंडई बांधली होती. ती मात्र १८६२ मध्यें पाडून तिच्या जागीं चेरिंग क्रॉसचें रेल्वे-स्टेशन उभारण्यांत आलें. तेव्हां जुनी मंडई टिकून राहणें हा कांहीं सृष्टिनियम नव्हे.

आतां मंडईच्या दिवसाविषयीं. घाऊक मंडईचा दिवस रात्रींच सुरू होतो. भोवतालच्या मळ्यांतून आणि पुढें रेल्वेच्या धक्क्यांवरून मालानें लादलेल्या गाड्या अंधारांतच चौकांत शिरत. दिव्यांच्या उजेडांत सौदे होत, हमाल डोक्यावर गोल टोपल्यांची चळत रचून गर्दींतून वाट काढीत, फेरीवाले आपापल्या हातगाड्या भरून घेत, आणि गृहस्थ लोक न्याहारीस बसत त्या सुमारास चौकांत उरे तो पालापाचोळा आणि भिजलेली फरसबंदी. मंडईच्या माणसांसाठीं तेथील मद्यगृहांस भल्या पहांटे दार उघडण्याची मुभा होती, यावरूनच त्या जगाचें घड्याळ किती निराळें होतें हें ध्यानांत येईल.

नेमकी हीच वेळ कॅमेऱ्याच्या अंधत्वाची. छायाचित्रणकलेला आरंभापासून दोन गोष्टी हव्या होत्या: भरपूर उजेड आणि समोरच्या वस्तूची निश्चलता. १८३८ मध्यें दागेर यानें पॅरिसमधील एका गजबजलेल्या हमरस्त्याचें चित्र खिडकींतून घेतलें. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसें होतीं. पण चांदीच्या पत्र्यावर उमटला तो निर्मनुष्य रस्ता. एक गृहस्थ बूट पुसून घेण्यासाठीं पाय वर करून उभा होता, तो तेवढा जागचा हालला नाहीं म्हणून चित्रांत राहिला. चालणारें, धांवणारें, ओझें वाहणारें सर्व जग पुसलें गेलें. १८५१ मध्यें आर्चर या इंग्रजानें ओल्या कलोडियनची रीत काढली. तिनें वेळ कमी झाला खरा, पण कांच ओली असतांनाच तिच्यावर रसायन चढवावयाचें, चित्र घ्यावयाचें आणि तें धुवावयाचें, म्हणजे अंधारा तंबू पाठीशीं हवाच. आतां पहांटे चार वाजतां, दिव्यांच्या उजेडांत, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या शेंकडों हमालांच्या लोंढ्यांत असा तंबू ठोकून कोण काय करणार? सूर्य वर येऊन कॅमेऱ्यास दिसूं लागावें, तोंवर मंडई उठलेली! म्हणून त्या काळच्या मंडईचीं चित्रें पाहतांना सावध राहावें लागतें. दगड स्पष्ट आहे, खांब रेखीव आहे. आणि बाजार बहुधा नाहीं.

माणसें पकडण्याची एक युक्ति हेन्री मेह्यू यानें करून पाहिली होती. लंडनच्या गोरगरीब कष्टकऱ्यांविषयीं त्यानें लिहिलेला ग्रंथ १८५१ मध्यें निघाला. त्यांतील कित्येक चित्रें रिचर्ड बिअर्ड या छायाचित्रकाराच्या दागेरी चित्रांवरून काढलेलीं आहेत. परंतु तीं छापलीं ठशांच्या रूपानें, म्हणजे फेरीवाल्याचा चेहरा कॅमेऱ्यानें दिलेला आणि वाचकाच्या हातीं पडला तो कोरणाऱ्याच्या हातून गेलेला. साक्षीदाराची जबानी दुभाष्याच्या तोंडून ऐकावी, तसेंच हें.

यानंतर १८७५ ते १८७७ या दोनतीन वर्षांत, एकाच शहरांत, दोन निरनिराळे उद्योग सुरू झाले. ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे छायाचित्रणाच्या इतिहासांतील एक जुना तंटाच डोळ्यांसमोर उभा राहतो. १८७५ मध्यें लंडनमधील ऑक्सफर्ड आर्म्स नांवाची एक जुनी सराई पाडली जाणार असें कळतांच कांहीं रसिकांनीं तिचीं छायाचित्रें घेवविलीं, आणि त्यांतूनच जुन्या लंडनच्या अवशेषांचीं छायाचित्रें घेणारी एक संस्था जन्मास आली. आल्फ्रेड व जॉन बूल हे बंधु आणि नंतर हेन्री डिक्सन यांनीं तिच्यासाठीं काम केलें. १८८६ पर्यंत एकशेंवीस चित्रें प्रसिद्ध झालीं, तीं सर्व कार्बन पद्धतीनें, म्हणजे कधीं विटूं नयेत अशा रंगद्रव्यानें छापलेलीं. जुने वाडे, सज्जे, गल्ल्या, अंगणें यांचा हा अमोल ठेवा आहे. पण त्यांतलीं माणसें असलींच तर इमारतीची उंची कळावी एवढ्यापुरतीं. मरणार ती इमारत. माणसें काय, आहेतच, असा त्यामागील हिशोब दिसतो.

दुसरा उद्योग जॉन थॉम्सन याचा. हा एडिंबरोचा. सिंगापूर, सयाम, कंबोडिया आणि चीन या देशांत त्यानें सुमारें दहा वर्षें कॅमेरा घेऊन भ्रमण केलें होतें. चीनवरील त्याचा मोठा चित्रग्रंथ १८७३-७४ मध्यें निघाला. परदेशचे लोक न्याहाळून आल्यावर त्यानें तेंच भिंग स्वतःच्या देशाच्या राजधानीकडे वळविलें. ॲडोल्फ स्मिथ या लेखकास जोडीला घेऊन १८७७ पासून त्यानें 'स्ट्रीट लाइफ इन लंडन' हें मासिक-पुस्तक काढलें. त्यांत कॉव्हेंट गार्डनची दोन चित्रें आहेत: एक फुलवाल्यांचें आणि एक मजुरांचें. फुलवाल्यांच्या चित्रांत शाली पांघरलेल्या बायका आणि त्यांच्या टोपल्या एवढाच परिवार आहे. फाउलरच्या इमारतीचा तेथें कांहीं प्रश्नच नाहीं. स्मिथनें सोबत लिहिलें आहे तें त्यांच्या कष्टांविषयीं आणि मिळकतीविषयीं.

हीं चित्रें अगदीं सहज टिपलेलीं आहेत असें मात्र कोणी समजूं नये. कलोडियनच्या कांचेसाठीं त्या बायकांना कांहीं क्षण निश्चल राहावेंच लागलें असेल. माणसें जुळवून, बसवून, उभीं करून हीं चित्रें घेतलेलीं आहेत. शिवाय चीनमधील माणसांकडे ज्या कुतूहलानें पाहावें त्याच कुतूहलानें थॉम्सन आपल्या शहराच्या गरिबांकडे पाहतो, हा आक्षेपही खोटा नाहीं. तरी माझें मत असें आहे कीं मंडईचें पहिलें खरें छायाचित्र हेंच. कारण पुढें काय नाहींसें होणार आहे, याचा अदमास डिक्सनप्रभृतींपेक्षां थॉम्सनला अधिक अचूक साधला. आणि चित्र टिकावें ही काळजी त्यालाही तितकीच होती. हीं चित्रें वुडबरी पद्धतीनें छापलीं आहेत. उजेडानें कठीण झालेला जेलॅटिनचा उंचसखल पापुद्रा प्रचंड दाबाखालीं शिशाच्या पत्र्यांत रुतवावयाचा, त्या सांच्यांत रंगीत जेलॅटिन ओतावयाचें आणि वर कागद दाबावयाचा. चांदीचा अंशही नसल्यामुळें चित्र विटत नाहीं. सराईच्या तुळयांसाठीं जें टिकाऊपण एका मंडळींनीं शोधलें, तेंच यानें फुलवालीच्या चेहऱ्यासाठीं शोधलें.

पुढील शतकाची कथा भराभर सांगतां येईल. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बेडफर्डच्या ड्यूकनें ही मालमत्ता विकून टाकली. घोड्यांच्या गाड्या जाऊन मालमोटारी आल्या आणि जुन्या गल्ल्यांत त्यांची इतकी कोंडी होऊं लागली कीं १९६१ च्या कायद्यानें मंडईचा कारभार एका सरकारी मंडळाकडे देण्यांत आला. १९७४ च्या नोव्हेंबरमध्यें सारा घाऊक बाजार टेम्सपलीकडे नाइन एल्म्स येथें हलला. तत्पूर्वीं, १९६८ मध्यें, भोवतालच्या वस्तीचा मोठा भाग पाडून तेथें रुंद रस्ते व नव्या इमारती करण्याची योजना पुढें आली होती. रहिवाशांनीं १९७१ मध्यें आपली संघटना उभारून तिला कडवा विरोध केला, आणि १९७३ मध्यें सरकारनें त्या भागांतील सुमारें अडीचशें इमारतींना संरक्षण दिल्यावर ती योजना बारगळली. पॅरिसला हें भाग्य लाभलें नाहीं. तेथील मध्यवर्ती मंडई १९६९ मध्यें शहराबाहेर रंजिस येथें गेली आणि बाल्तारनें उभारलेले लोखंडी मंडप १९७१ पासून पाडण्यास आरंभ झाला.

मंडई हलणार हें ठरलेलें असतां क्लाइव्ह बोर्सनेल हा तरुण छायाचित्रकार १९६८ पासून कांहीं वर्षें कॉव्हेंट गार्डनमध्यें वरचेवर जात राहिला आणि त्यानें तेथील माणसांचीं हजारों चित्रें घेतलीं. आतां कॅमेरा लहान झाला होता, फिल्म मंद उजेडांतही पाहूं शकत होती; थॉम्सनला जें जुळवून घ्यावें लागलें तें याला चालतां चालतां मिळालें. चहाचा पेला धरलेला हमाल, हिशोब लिहिणारा अडत्या, फुलांच्या पेट्यांआडून डोकावणारी बाई. मंडईच्या रात्रीला अखेर डोळे लाभले, पण ते तिच्या शेवटच्या वर्षांत. भाजीविक्याचा मुलगा असलेल्या आल्फ्रेड हिचकॉक यानेंही याच सुमारास आपला 'फ्रेन्झी' हा बोलपट येथें चित्रित केला. तो १९७२ मध्यें प्रदर्शित झाला. त्यांतील खुनाचें रहस्य ज्याला आवडेल त्याला आवडो. मला त्यांत बटाट्यांचीं पोतीं आणि तीं वाहणारी माणसें पाहण्याजोगीं वाटतात.

१९८० च्या जूनमध्यें फाउलरची इमारत दुरुस्त होऊन पुन्हां उघडली. डागडुजी मोठ्या आस्थेनें झाली होती. दक्षिणेकडील अंगणाची जमीन उकलून खालचीं तळघरें उजेडांत आणलीं गेलीं. जेथें माल सांठवीत तेथें आतां लोक बसून खातात आणि गवई मंडळी कमानींखालीं उभे राहून गातात. उत्तरेकडील भागास 'ॲपल मार्केट' म्हणजे सफरचंदांचा बाजार असें नांव आहे. तेथें हातकामाच्या वस्तू, दागिने, जुन्यापुराण्या चिजा मिळतात. सफरचंद मिळत नाहीं. नाहीं म्हणावयास नांवें फार इमानी असतात. माणसें गेलीं तरी तीं जागा सोडीत नाहींत. जवळच सेव्हन डायल्स भागांत एका जुन्या वखारींत २०१९ मध्यें खाण्याच्या दुकानांची नवी पेठ निघाली, तर तिच्यांतील एका बोळालाही काकडीचें नांव देण्यांत आलें.

याहूनही विलक्षण कथा शेजारच्या फ्लोरल हॉलची. नाट्यगृहाला लागून ई. एम. बॅरी यानें लोखंड आणि कांच यांचें हें दालन फुलांच्या बाजारासाठीं बांधलें. तें १८६० मध्यें उघडलें. फुलवाल्यांनीं त्याला म्हणावा तसा आश्रय दिला नाहीं. पुढें तेथें परदेशी फळांचा बाजार भरूं लागला, आणि नंतर तें नाट्यगृहाच्या पडद्यांचें गोदाम झालें. १९५६ मध्यें आग लागून त्याचें छत गेलें. १९९० नंतरच्या दशकांत नाट्यगृहाची पुनर्रचना झाली तेव्हां हें दालन सुटें केलें गेलें. त्याचा मुख्य भाग नाट्यगृहांतच पुन्हां उभारला आणि दक्षिणेकडील दर्शनी कमान टेम्सपलीकडील बरो मार्केटनें एका पौंडास घेतली. ती तेथें २००४ च्या सुमारास उभी राहिली आणि तिच्या वरच्या मजल्यावर उपाहारगृह निघालें. म्हणजे एकाच इमारतीचा एक भाग नाटकाच्या मध्यंतरांत पेयें घेणाऱ्या प्रेक्षकांच्या वांट्यास आला आणि दुसरा जेवणाऱ्यांच्या. हे भाग नेमके कोठें बसवावयाचे हें ठरवितांना जुन्या इमारतीचीं चित्रें हाताशीं असणें किती मोलाचें, तें सांगावयास नको. डिक्सनच्या मार्गानें जाणाऱ्यांचें ऋण येथें मान्य केलेंच पाहिजे. फुलवालीच्या चित्रावरून कमान पुन्हां उभारतां येत नाहीं.

पण उलटही खरें आहे, आणि आज तेथें कॅमेरा घेऊन जाणाऱ्यासमोर हाच पेंच आहे. इमारत टिपणें आतां कठीण राहिलें नाहीं. ओंवरीचे खांब वर निमुळते दिसूं नयेत म्हणून जुने कारागीर कॅमेरा सरळ ठेवून भिंगाचा फलकच वर सरकवीत. आतां तें काम घरीं बसून दुरुस्त करतां येतें. कांचेच्या छतामुळें उजेड वरून सारखा पाझरतो आणि सावल्या मऊ पडतात. अडचण एकच सांगतात: गर्दी. म्हणून हौशी मंडळी भल्या सकाळीं, दुकानें उघडण्यापूर्वीं, तेथें जातात. एखादा मनुष्य चौकटींत आला तर तो जाईपर्यंत थांबतात, आणि मग लांबच लांब, स्वच्छ, निर्मनुष्य दालनाचें सुंदर चित्र घेतात. दागेरच्या पत्र्यानें जें मंदपणानें केलें, तेंच हे चिकाटीनें करतात.

वस्तुतः त्या वेळीं तेथें कोणी नसतें असें नाहीं. फरशी धुणारा मनुष्य असतो. खुर्च्या मांडणारी मुलगी असते. उपाहारगृहांसाठीं पाव, दूध आणि भाजी आणणाऱ्या गाड्या याच वेळीं येतात. लंडनमधील कितीतरी स्वयंपाकघरांना भाजी आजही नाइन एल्म्सच्या त्या नव्या बाजारांतून जाते, आणि त्या बाजाराचें नांवही न्यू कॉव्हेंट गार्डन असेंच आहे. तेव्हां एखादी सफरचंदांची पेटी, एखादें कोबीचें पोतें अजूनही पहांटेच्या अंधारांत नदी ओलांडून याच खांबांपाशीं उतरत असेल. छायाचित्रकार मात्र त्या वेळीं कॅमेरा खालीं धरून, ती गाडी चौकटींतून केव्हां जाते याची वाट पाहत उभा असतो.